पन्नासची पाटी

पाकीट बायकोने उघडलं. आमच्या घरी येणारी सगळी पाकिटं तीच उघडते. ती टपाल कचेरीत काउंटरवर बसते, त्यामुळे पाकीट फोडणं हे सोम्यागोम्याचं काम नाही असं तिचं ठाम मत आहे. मी फोडलेल्या पाकिटात आतला कागदही अर्धा फाटतो, हे त्यामागचं खरं कारण.

आतून एक पत्र निघालं आणि एक फोटो. फोटोत आमची गाडी समोरून दिसत होती. काचेमागे मी. तोंड उघडं, एक हात हवेत.

"गात होतात?" बायकोने विचारलं.

गात नव्हतो. मला ओलांडून गेलेल्या एका मोटारसायकलवाल्याला वेगाचे दुष्परिणाम मोठ्याने समजावून सांगत होतो. गाडीच्या काचा बंद होत्या आणि तो केव्हाच दिसेनासा झाला होता, पण मी वाक्य अर्धवट सोडत नाही.

"ताशी त्र्याहत्तर," तिने वाचलं. "मर्यादा पन्नास."

"चूक आहे. तो रस्ता ऐंशीचा आहे."

"इथे पन्नास लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय?" मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो, याची मला आजही लाज वाटते. कारण रस्त्यावर काय लिहायचं ते लिहिणारा माणूस मीच आहे. रस्ते खात्याच्या कार्यशाळेत गेली एकतीस वर्षं मी पाट्या करतोय. सुरुवातीला ब्रशने रंगवायचो, आता चमकणारी फिल्म कापून पत्र्यावर चिकटवतो, पण गल्लीबोळांच्या नावांच्या पाट्या अजून हातानेच होतात आणि त्या माझ्याकडे येतात. मला तिथे सगळे मास्तर म्हणतात. मी समजत होतो की माझ्या अक्षरामुळे. पुढे कळलं की मी दिवसभर सगळ्यांना शिकवत बसतो म्हणून.

शिकवण्यात मी घर आणि कार्यशाळा असा भेदभाव केला नाही. बायकोच्या धाकट्या भावाला एकदा मी भर रस्त्यात गाडी बाजूला घ्यायला लावून पाटी कशी वाचावी यावर वीस मिनिटं ऐकवलं होतं. "पाटी ही सूचना नसते," मी म्हणालो होतो, "पाटी हा एका माणसाने दुसऱ्याला दिलेला शब्द असतो." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की ते मी नंतर आणखी चार जणांना ऐकवलं.

आणि घाई कसली होती? लोकांच्या वेगाला निदान कारणं असतात. कुणाची बायको बाळंत होत असते, कुणाची गाडी सुटत असते. मी निघालो होतो नळाचा वायसर बदलून आणायला. दुकान दहाला उघडतं, फोटोवर वेळ होती नऊ चाळीसची. म्हणजे कायदा मोडून मी एका बंद दुकानासमोर सतरा मिनिटं उभा राहण्याची सोय करत होतो.

पत्रात खाली फलकाचा क्रमांक दिला होता. आमच्या प्रत्येक पाटीच्या पाठीवर क्रमांक असतो आणि तो ज्याने पाटी केली त्याच्या नावापुढे वहीत चढवलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी कार्यशाळेत गेलो आणि सगळे चहाला गेले असताना ती वही काढली. पान डोळ्यांजवळ नेऊन बोटाने ओळ शोधली. आठ महिन्यांपूर्वी पन्नासच्या चौदा पाट्या झाल्या होत्या. क्रमांक जुळला. पुढे नाव माझंच.

त्या चौदा पाट्या मला आठवत होत्या. कुठे लागणार ते आम्हाला कुणी सांगत नाही. कालव्यामागच्या रस्त्याची मर्यादा ऐंशीवरून पन्नास झाली, हे सगळ्या गावाला कळलं होतं ते माझ्या पाटीमुळे. मला सोडून.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याचा धंदा फ्रीज दुरुस्तीचा, पण जीव कायद्यात. आजवर तो पाणीपुरवठ्याशी भांडलाय, घरमालकाशी भांडलाय, एका नाट्यगृहाशी खुर्चीवरून भांडलाय. सगळीकडे हरलाय. तो मात्र सांगताना "तत्त्वतः जिंकलो" असं सांगतो.

फोटो बघून त्याला झालेला आनंद त्याने लपवायचा प्रयत्न केला. मान्य करायला हवं, तो दोन-तीन मिनिटं टिकला.

"भावजी," मग तो म्हणाला, "एका माणसाने दुसऱ्याला दिलेला शब्द..."

"चहा घेणार की जाणार?" मी विचारलं.

"घेणार. आणि दंड भरायचा नाही. भांडायचं. तुम्हाला पाटी दिसली होती का?"

"पाटी दिसली. गोल होती. आकडा नाही दिसला."

"झालं तर मग! आकडा दिसत नाही म्हणजे पाटी सदोष. तुमच्या खात्याचा नियम काय आहे?"

नियम मला पाठ होता. पन्नासचा आकडा कमीत कमी साठ मीटरवरून वाचता आला पाहिजे.

"रविवारी मोजपट्टी घेऊन येतो," मेहुणा म्हणाला. बायको फोटोतल्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. माझे डोळे बारीक केलेले होते, सुईत दोरा ओवताना करतात तसे. हे तिने मला बरंच नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघे कालव्यामागच्या रस्त्यावर उतरलो. मेहुण्याने पाटीच्या खांबाला मोजपट्टीचं टोक अडकवलं आणि आम्ही फुटपाथवरून मागे मागे सरकत, खडूच्या खुणा करत साठ मीटरवर आलो. वळून बघितलं.

"पन्नास," मेहुणा निराश होऊन म्हणाला. "चांगला ठसठशीत दिसतोय."

मला एक पांढरी थाळी दिसत होती. तिच्या कडेला तांबूस काहीतरी. मध्ये डाग.

"तुला माहिती आहे म्हणून दिसतोय," मी म्हणालो. "डोकं बघतं, डोळा नाही. मी या धंद्यात एकतीस वर्षं आहे."

"बरं, मग माहिती नसलेलं वाचू. ती पलीकडची वाचा."

"कुठली?"

"ती काय, पिवळी."

मी पलीकडे पाहिलं. तिकडे झाडं होती. मी बराच वेळ झाडं पाहिली.

"पुढे अरुंद पूल," मेहुण्याने वाचलं. "खाली काहीतरी बारीक आहे, ते मलाही नाही दिसत."

"माझ्या डोळ्यावर ऊन येतंय."

मेहुण्याने मागे वळून आकाशाकडे पाहिलं. "ऊन पाठीमागे आहे, भावजी."

त्यावर मी त्याला उन्हाच्या परावर्तनाबद्दल सांगितलं. बरंच सांगितलं. मोजपट्टी गुंडाळून होईपर्यंत सांगत होतो. तो बिचारा मान हलवत होता. इतकी वर्षं भांडून हरलेल्या माणसाला समोरचा हरतोय हे लगेच ओळखू येत असावं, कारण गाडीत बसताना तो म्हणाला, "मी चालवू का?" मी अर्थातच नाही म्हणालो.

शहाण्या माणसाने इथे दंड भरला असता. मी अर्ज लिहिला. तीन पानी. त्यातलं मला सगळ्यात अभिमान वाटलेलं वाक्य असं होतं: "सदर फलकावरील आकडा साठ मीटर अंतरावरूनही वाचता येत नाही, हे अर्जदाराने स्वतः जागेवर जाऊन, मोजपट्टीने मोजून, दिवसाच्या स्वच्छ उजेडात पडताळून पाहिले आहे." स्वच्छ उजेडात हे शब्द मी मागाहून घातले. वजन येतं म्हणून.

अर्ज बायकोला वाचायला दिला. तिने वाचला, घडी घातली आणि विचारलं, "पेपर तुम्ही मला मोठ्याने वाचायला का सांगता?"

"तुझा आवाज छान आहे म्हणून."

"दीड वर्षापूर्वीच छान झाला का?"

मी पाकीट शोधायला लागलो.

"मी रोज पुरवणीसुद्धा वाचून दाखवते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला माझा आवाज खरंच आवडतो."

ती उठून आत गेली. तिच्यामागे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी पाकीट चिकटवत बसलो. तेही तिरकं चिकटलं.

सुनावणीच्या दिवशी मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. मोठी कचेरी, लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, प्रत्येक दारावर छोटी पाटी. "मला माहिती आहे," म्हणत मी पुढे झालो आणि एका दारातून आत गेलो. आत बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती. वेगात पकडलेली माणसं इतकी आनंदी कशी, असं मला क्षणभर वाटलं. एकीच्या हातात फुलं होती. आम्ही वीस मिनिटं बसलो. मेहुणा दारावरची पाटी न वाचता माझ्यामागून आला होता, कारण पाट्यांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर अजून विश्वास होता.

शेवटी एका बाईंनी येऊन विचारलं, "साक्षीदार तुम्हीच का? एक कमी आहे."

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाकडून असा प्रश्न ऐकला होता. तो ताडकन उभा राहिला, म्हणाला, "कुठे सही करू?" आणि मी काही बोलायच्या आत एका अनोळखी जोडप्याच्या विवाहनोंदणीवर त्याने सही ठोकली. त्याने केलेल्या सगळ्या कायदेशीर कामांत हे एकच यशस्वी झालं. ते जोडपं अजून त्याच्याकडूनच फ्रीज दुरुस्त करून घेतं.

सुनावणीची खोली शेजारची होती. आम्ही पोचलो तेव्हा सुनावणी अधिकारी मॅडम घड्याळ बघत होत्या. टेबलावर माझा अर्ज, एक थर्मास आणि एक पातळ फाईल.

"उशीर झाला तुम्हाला."

"शेजारच्या खोलीत बसलो होतो."

"तिथे लग्नं लागतात."

"हो. एक लागलं," मेहुणा म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो बसला.

त्यांनी अर्ज पूर्ण वाचला होता. तीनही पानं. मला जरा बरं वाटलं.

"आकडा साठ मीटरवरून वाचता येत नाही, असं तुमचं म्हणणं."

"हो."

"आमचे दोन कर्मचारी तुमच्या अर्जानंतर तिथे जाऊन आले. दोघांनी एकशे दहा मीटरवरून वाचला." त्यांनी फाईल उघडली. "तरी समजा, तुमचं बरोबर आहे. पाटी बनवतानाच काही कमी-जास्त झालं असेल. फिल्म हलकी असेल, आकडा नीट कापला नसेल. अशी निष्काळजी कामं होतात. तसं असेल तर मी रस्ते खात्याला लिहिते. करणाऱ्याचं नाव त्यांच्याकडे असतंच."

त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. मेहुणा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. पण निष्काळजी हा शब्द माझ्या कानात गेला आणि मी उभा राहिलो.

"मॅडम, ती पाटी मी केलीय."

"काय?"

"मी रस्ते खात्यात पाट्या करतो. एकतीस वर्षं. वहीत माझं नाव आहे. त्या आकड्याचा बाक, दोन आकड्यांमधलं अंतर, सगळं मापात आहे. ती पाटी दोनशे मीटरवरून दिसायला हवी. तिच्यात दोष असणं शक्यच नाही!"

मेहुण्याने माझा पाय सोडला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "मग दोष कुठे आहे?"

मी उभाच होतो. उत्तर मला येत होतं. गेलं दीड वर्ष येत होतं. दिव्यांभोवती तेलकट वलयं दिसायची, बसचा नंबर मी शेजारच्याला विचारायचो, जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपायचो. काम चालत राहिलं, कारण हाताला सवय होती. आणि पाट्या करणाऱ्याचे डोळे गेले तर उरतं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता, म्हणून त्याचं उत्तर द्यायची वेळ आली नव्हती.

"डोळ्यांत असेल," मी म्हणालो.

"तपासलेत कधी?"

"नाही."

त्यांनी निकाल तिथेच लिहिला. दंड कायम. शिवाय अर्जदाराने स्वतःच्या सहीने, मोजपट्टीने मोजून, स्वच्छ उजेडात साठ मीटरवरून आकडा वाचता येत नसल्याचं कबूल केलेलं असल्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत वाहन परवाना जमा. भांडलो नसतो तर नुसता दंड भरून सुटलो असतो. भांडून मी परवानाही देऊन आलो. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "तत्त्वतः..." आणि पुढे त्यालाही काही सुचलं नाही. गाडी तोच चालवत घेऊन आला. सबंध रस्ता मी त्याला एकही सूचना केली नाही. त्याला इतकी काळजी वाटली की घरी आल्यावर तो बहिणीला म्हणाला, "यांना जरा झोपव."

डॉक्टरांकडे बायको बरोबर आली. समोर अक्षरांचा तक्ता होता.

"तिसरी ओळ वाचा."

"ती ओळ वाईट रंगवली आहे," मी म्हणालो. "कडा फुटल्यात."

"छापील आहे ती," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकायला लावली, बराच वेळ आत पाहिलं. "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला जुना आहे. काम काय करता?"

"पाट्या रंगवतो."

डॉक्टर माझ्याऐवजी बायकोकडे बघायला लागले. रंगसुद्धा बदललेले दिसत असणार, त्यांनी सांगितलं, सगळं पिवळट, मळकट. निळा तर ओळखूसुद्धा येत नसेल.

"अच्छा," बायको म्हणाली. इतक्या समाधानाने तिने 'अच्छा' म्हटलेलं मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. "आता स्वयंपाकघराचं कळलं."

"स्वयंपाकघराचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. आधी ऑपरेशन होऊ दे."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कापरासारखं काहीतरी वितळल्यासारखं वाटलं, बाकी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि मला पहिल्यांदा दिसली ती बायको. डोळ्यांखाली बारीक रेघा, कपाळाजवळ पांढरे केस, हनुवटीवर एक तीळ, जो मी विसरून गेलो होतो. इतकं स्वच्छ तिला पाहून मला भरून आलं. अशा वेळी माणसाने काहीतरी चांगलं बोलावं.

"तू किती थकलेली दिसतेस," मी म्हणालो.

"रात्रभर तुमच्या उशाशी बसले होते," ती म्हणाली. "आता वाटतं, झोपायला हवं होतं."

घरी आल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थबकलो. चारही भिंती निळ्या होत्या. साध्या निळ्या नाहीत. शाईची दौत उपडी केल्यासारख्या. पांढरी कपाटं त्यात बुडत असल्यासारखी दिसत होती.

"हे काय आहे?"

"हा तुमचा फिका आकाशी," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्ही दिलात."

मला आठवलं. दुकानदाराने दिलेला डबा मी परत केला होता. रंग फारच मेलेला आहे, तुम्हाला रंगातलं काही कळत नाही, असं त्याला सुनावून मी घरी स्वतः रंग कालवला होता.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही तीन दिवस शिडीवर होतात. खाली उतरून म्हणालात, बघ, डोळ्यांना कसं शांत वाटतंय." ती भिंतीकडे बघत राहिली. "मी भाजी आता बाहेरच्या खोलीत चिरते."

तीन आठवड्यांनी डावा डोळा झाला. मधल्या काळात माझा एक छंद झाला होता. एक डोळा झाकून जग बघायचं, मग दुसरा झाकून. डाव्याने सगळं जुन्या वर्तमानपत्रासारखं, उजव्याने धुतल्यासारखं. बसथांब्यावर असं करत असताना एका बाईंनी जागा बदलली.

कामावर परत गेलो त्या दिवशी मी सगळ्यात आधी कोठारात गेलो. माझ्या शिल्लक पाट्या बघायच्या होत्या. भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या, वीसेक. एकेक काढून उजेडात धरली. सुंदर होत्या. कडा सरळ, अंतर मापात, लाल वर्तुळ कुठे डगमगलेलं नाही. डोळे जाऊनही हात असा चालला, म्हणून माझा ऊर भरून आला. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर फिल्म कापणारी बाई बसते. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला मीच हाताशी धरून शिकवलं. अक्षर चांगलं, पण बोलायला महाकंजूष. तिला मी अधूनमधून सांगायचो की तुझा हात अजून स्थिर नाही.

"हे बघ," मी एक पाटी तिच्यासमोर धरली. "मोतीबिंदूतून केलेलं काम आहे हे. याला म्हणतात हात."

तिने पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कात्री खाली ठेवली.

"मास्तर, ती माझी आहे."

"वहीत माझं नाव आहे."

"नाव तुमचंच ठेवलं." ती उठली, कोठाराच्या मागच्या बाजूला गेली आणि एक ताडपत्री बाजूला केली. खाली पत्रे होते. पन्नासेक तरी. त्यातला वरचा तिने काढून दिला. पाच आणि शून्य एकमेकांवर चढले होते. लाल वर्तुळ खाली जाऊन परत वर येताना दमल्यासारखं झालं होतं. दुसऱ्यावर 'वाहनचाल कांनी' असं दोन तुकड्यांत लिहिलेलं होतं. अक्षर माझंच, वळण माझंच, पण दारू प्यायलेलं.

"तुम्ही गेलात की मी अर्धा तास थांबायचे," ती म्हणाली. "जमेल तेवढ्या परत करायचे."

"किती दिवस?"

"वर्ष झालं. जास्तच."

"कालव्यामागची पन्नासची पाटी?"

"ती पण." तिला सुनावणीचं सगळं माहीत होतं. कार्यशाळेत सगळ्यांनाच माहीत होतं. "तुमची तिथे खाली आहे. तळाशी."

म्हणजे अधिकाऱ्यांसमोर उभं राहून, परवाना घालवून, ज्या पाटीसाठी मी छाती काढली होती, ती माझी नव्हतीच. दोनशे मीटरवरून दिसायला हवी असं मी तिच्याबद्दल म्हणालो होतो, ते मात्र खरं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही मला हात स्थिर करायचे व्यायाम दिलेत."

मला आठवलं. मनगट टेबलावर टेकवून दहा वर्तुळं काढायचा व्यायाम. रोज.

मी तिथे एका उलट्या डब्यावर बसलो. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी विचारलं, "सगळ्या परत केल्यास?"

"नाही. ज्या लगेच गेल्या, त्या तशाच गेल्या."

दुपारी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तिचं काम तिच्या नावावर चढवा म्हणालो, आणि माझ्या हातून गेलेल्या पाट्या मला तपासू द्या. साहेब चांगला माणूस. पण वही उघडून त्यांनी पाट्यांचा आकडा बघितला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही जा आणि मोजून या. पण तुमच्याकडे परवाना नाही ना?"

म्हणून गाडी तिने चालवायची ठरलं. महिनाभर आम्ही दोघे खात्याच्या छोट्या टेम्पोतून गावभर हिंडलो. मागे शिडी, बोल्ट सोडवायचे पाने, नवे पत्रे. मी शेजारी बसून यादी करायचो. ती पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसने जायची, तीसच्या रस्त्यावर अठ्ठावीसने, आणि मी खिडकीतून माझीच कामं बघत जायचो. बाण जिथे दाखवायचा त्याच्या किंचित वर दाखवत होता. एका गल्लीच्या नावातली वेलांटी शेजारच्या अक्षरावर पडून गल्लीचा अर्थच बदलला होता. वर्षभरात एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. मी आयुष्यभर समजत होतो की लोक माझ्या पाट्या वाचतात.

मध्येच दाखला मंजूर होऊन परवाना टपालाने परत आला. मी तो खिशात घातला आणि कुणाला सांगितलं नाही. तिच्या शेजारी बसायला मला बरं वाटत होतं.

शेवटच्या आठवड्यात आम्ही गावाबाहेरच्या एका वळणावर थांबलो. तिथे माझी हाताने रंगवलेली पाटी होती. 'धोक्याचे वळण, हळू चालवा.' अक्षरं डावीकडून उजवीकडे चढत गेलेली, शेवटचं अक्षर जागा न उरल्याने खाली लोंबलेलं. मी बघूनच मान खाली घातली. ती शिडी काढायला लागली, तेवढ्यात समोरच्या टायर दुरुस्तीच्या दुकानातून मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"ती काढताय की काय?"

"चुकलीय," मी म्हणालो. "नवी लावतोय."

"अहो, नका काढू! वर्षभर बघतेय मी. प्रत्येक गाडी इथे हळू होते. ते काय लिहिलंय हे कळायलाच वेळ लागतो ना. आधीच्या पाटीला कुणी विचारत नव्हतं." त्या हसल्या. "कोणी केलीय हो ही?"

टेम्पोच्या मागून शिडी ओढताना तीही माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणालो.

मालकीणबाईंनी मला खालून वरपर्यंत नीट न्याहाळलं, आणि "अच्छा," एवढंच म्हणून दुकानात परत गेल्या.

"राहू द्यायची का?" मी हळूच विचारलं. "एखादी?"

"नाही," ती म्हणाली. तिने शिडी खांबाला लावली, पाना खिशात टाकला आणि चढायला लागली. "मास्तर, शिडी धरा. आणि कृपा करून काही शिकवू नका."

मी शिडी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. वर ती बोल्ट सोडवत होती, आणि तिसरा बोल्ट ती चुकीच्या बाजूला फिरवतेय असं मला खालून स्पष्ट दिसत होतं. मी ओठ दाबून गप्प राहिलो. थोड्या वेळाने तो सुटला. बाजू बरोबरच होती.